पहिली घंटा

“दुसरी घंटा झालेली नाही, सुहास! जागेवरून हलायचं नाही!”

जावेद इतक्या जोरात ओरडला की लष्कर भागातल्या निम्म्या कावळ्यांनी त्या दिवशी पुणं सोडलं. पन्नाशी उलटलेला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस... एका हातात वडा, एक पाय पायरीवर, एक खाली. आणि त्याच्याभोवती आम्ही सगळे टकले, ढेरपोटे बाप्ये भर दुपारी उन्हात पुतळ्यासारखे उभे.

थांबा, आधीपासून सांगतो.

भूतखेत असल्या प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी जेवताना मोठ्यानं वाचतो आणि घरच्यांना ठसका लागेपर्यंत हसवतो. मी स्वतः थोडं वाढवून सांगतो, हे मान्य. ‘थोडं’ या शब्दाला बायकोची हरकत आहे. पण घंटेबद्दल पुढे जे लिहिलंय त्यात एक अक्षर वाढवलेलं नाही. कावळ्यांचं सोडा.

शाळा लष्करातली. काळ्या दगडाची, कमानींची, फादर लोकांनी चालवलेली, फक्त मुलांची. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आधी म्हणे तिथे गोऱ्या शिपायांची पोरकी पोरं शिकायची. मग ख्रिस्ती मुलं, मग आमच्यासारखी सगळीच. विश्रांतवाडीचा मी, शनिवार पेठेतला सुहास, गेटसमोरच्या बेकरीवाल्यांचा जावेद. पुढे मुलं कमी होत गेली, फादर लोक गेले, शाळा बंद पडली. काही वर्षं तिथे कसलंसं गोडाऊन होतं. शेवटी आमचं म्हणण्यासारखं उरलं ते मैदान.

आमच्याकडे मधली सुट्टी संपताना दोनदा घंटा व्हायची. पहिली झाली की जिथे असाल तिथे थांबायचं. तोंडातला घास चावायचा नाही. हवेतला चेंडूसुद्धा थांबायचा, आईशप्पथ. दुसरी झाली की गुपचूप चालत रांगेत. मधल्या वेळात जो हलेल त्याला फादर व्हरांड्याच्या पायरीवर उभं करायचे, एकट्याला, सगळ्यांसमोर. मारायचे नाहीत, बोलायचे नाहीत. त्यापेक्षा छडी परवडली.

तर, या मैदानावर एका बिल्डरचा टॉवर येणार असं कळलं. तेव्हा मैदान बचाव समिती काढली ती सुहासनं. पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्याच बाकावर बसलेला सुहास. तो अध्यक्ष, मी त्याचा उजवा हात. जुन्या पोरांच्या सह्या गोळा करत स्कूटरवरून मी अख्खं शहर पालथं घातलं. कात्रजला एक जण सापांच्या बागेत कामाला होता. त्याची सही घेताना शेजारच्या नागानंही फणा काढून अनुमोदन दिलं. सुहास म्हणायचा, “बापू, तू आहेस म्हणून मी लढतोय.” मी तेवढ्यावर आणखी चार पेठा फिरायचो.

मग एका रविवारी त्यानं सगळ्यांना मैदानावर बोलावलं. एकत्र फोटो काढू, पेपरात देऊ, शाळेची पोरं जिवंत आहेत हे लोकांना कळू दे. वडापाव त्याचा, फोटोवालाही त्याचाच. जमल्यावर असा कल्ला झाला की विचारू नका. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोटाकडे बोट दाखवून हसतोय...

आणि घंटा झाली.

तीच. जड, जराशी चिरकी, शेवटी ‘न्न्न’ करत विरणारी. कमानीतून आली. आणि आम्ही थांबलो. कुणी ठरवलं नाही, पायांनीच ठरवलं. माझं हसू तोंडातच राहिलं. जावेदचा वडा ओठांपाशी.

अशी शांतता त्या मैदानानं किती वर्षांत ऐकली नसेल. आणि त्या शांततेत चिंचेच्या झाडामागून सुहासचा आवाज आला. तो फोनवर होता.

“हो साहेब, सगळे आलेत. फोटो निघाला की माजी विद्यार्थ्यांचा पाठिंबा म्हणून लावून टाका... नाही हो, कोर्टात कोण जातंय. वडापाव दिला की गप्प बसतात... कोण, बापू? त्याला मी पहिलीपासून ओळखतो. बोलतो फार, करत काही नाही... वरच्या मजल्यावरचा फ्लॅट तेवढा ठरल्याप्रमाणे.”

बोलत बोलत तो झाडामागून बाहेर आला. एकटाच चालत होता. तेव्हाच जावेद ओरडला. सुहासनं आमच्याकडे पाहिलं, फोन खिशात टाकला आणि शांतपणे गेटमधून निघून गेला. एवढे जण होतो, कुणी अडवलं नाही. अडवायला हलावं लागलं असतं.

आम्ही तसेच उभे. दुसरी घंटा काही होईना. शेवटी जावेदचा गुडघा बोलला, तो मटकन खाली बसला, तेव्हा कुठे आम्ही सुटलो.

त्यानंतर आम्ही काय काय तपासलं ते सांगतो. घंटा फादर लोक जाताना काढून घेऊन गेलेत. कमानीला नुसता लोखंडी आकडा आहे, त्यावर गांधीलमाश्यांचं पोळं, आणि माश्या निवांत. प्रत्येकाचे फोन पाहिले, तसली रिंगटोन कुणाचीच नाही. गेटबाहेरच्या भेळवाल्यानं काही ऐकलं नव्हतं. फोटोवाल्यानंही नाही. त्याला वाटलं, आम्ही पोझ देतोय, त्यानं फोटो काढूनही घेतला! त्याच्या व्हिडिओत घंटा नाहीच. कल्ला आहे, आणि मग एकदम कल्ला बंद. मग फक्त सुहास, झाडाआडून अर्धामुर्धा दिसणारा. बोलता बोलता तो एकदा मान वर करून कमानीकडे बघतो, आणि मग चालायला लागतो.

मैदानाभोवती आता पत्रे लागलेत. पत्र्यावर आमचा तोच फोटो, खाली ‘माजी विद्यार्थ्यांच्या शुभेच्छांसह’. दिसतोही असा की वाटावं, काय शिस्तीत पाठिंबा देताहेत. कोर्टात गेलो आहोत. तारखा पडताहेत.

खुलासा माझ्याकडे आजही नाही. सामूहिक भ्रम, उन्हाचा परिणाम, सगळं ऐकून झालं. सगळ्यांना एकाच क्षणी तीच एक घंटा कशी ऐकू येते, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मध्यंतरी शनिवार पेठेत अमृततुल्यमध्ये सुहास समोरच आला. मी त्याला काय काय सुनवणार होतो, ते पाठ करून महिने झाले होते. त्यातलं एक वाक्य आठवेना. फ्लॅटचं विचारलं नाही, ‘बोलतो फार’चं विचारलं नाही. एवढंच विचारलं, की लेका, त्या दिवशी घंटा तुला ऐकूच आली नाही का?

त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली.

“आली ना,” तो म्हणाला. “मला दुसरी ऐकू आली.”