तिघांचं गणित

आमच्या बाबूजींना गणित येत नव्हतं, आणि ही गोष्ट ते कोणालाही आनंदानं सांगत. चौथी शिकलेला धानशेतकरी माणूस. पण "मले हे नाही येत" म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांना काही बक्षीस लागलं. "येत नाही म्हणजे शिकाची मजा अजून बाकी आहे," असं त्यांचं म्हणणं.

मी सातवीत गेले आणि जूनमध्येच जांभळाच्या झाडावरून पडले. मांडीपर्यंत पलस्तर. हाड नीट जुळेना म्हणून पुन्हा पलस्तर. शाळा दोन कोसांवर, वाटेत नाला. हेडमास्तर म्हणाले, बाकीचे विषय घरी वाचेल, वार्षिक परीक्षेला बसू देऊ; पण गणिताचं काय? बाबूजींचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, यांनी उत्तर काढून ठेवलं होतं. "वर्ष गेलं समजा. पोरीची जात, बसू द्या घरी." आमच्या गावात घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. मी खाटेवर तोंड फिरवून रडले.

बाबूजी उठले, सायकलला हवा भरली आणि म्हणाले, "मी शिकवतो."

"तुमाले गणित कुठं येते?" माय म्हणाली.

"नाही येत. म्हणूनच त चाललो."

लाखनीला एक म्हातारे गुरुजी राहत. दर रविवारी बाबूजी त्यांच्याकडून एक धडा शिकत आणि तो सांडू नये म्हणून सगळी वाट मोठ्यानं घोकत येत. वाटेत कोणाशी बोलायची सोय नव्हती. एकदा शेजारच्या काकू मायकडं तक्रार घेऊन आल्या, "का जी, तुमच्या मालकाले काय झालं? मी राम राम केला, त मले म्हणते, छेद सारखे करा!"

"मंग करा," माय म्हणाली. तोवर तीही या रोगात सापडली होती.

मायला अक्षरओळख जेमतेम. पण धडा सुरू झाला की निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन ती खाटेच्या पायथ्याशी बसायची. तिचा प्रश्न एकच, "काहून?" अपूर्णांकाचा भागाकार करताना खालचा आकडा वर काहून? हातचा डावीकडंच काहून? बाबूजी मला चार वाक्यं शिकवत आणि मायला चाळीस. "इले समजलं त तुले समजलंच समज," ते मला म्हणत. आणि मायला समजावता समजावता मला केव्हा समजे, कळतही नसे.

मग आला उणे संख्यांचा धडा. उण्याला उण्यानं गुणलं की अधिक. माय म्हणाली, "काहून?"

बाबूजींनी पुस्तक मिटलं. त्याच दुपारी लाखनीला गेले. गुरुजी म्हणाले, नियम आहे. माय म्हणाली, "नियम त मोठेबाबा बी सांगते." तीन दिवस बाबूजी जेवताना ताटात बोटानं उण्याच्या रेघा ओढत होते. चौथ्या दिवशी बाजाराला गेले आणि सायकल भन्नाट हाणत परत आले. "सापडलं! रस्त्यावर ट्रक उभा होता. तोंड नागपूरकडं. डायवरनं गाडी मागं घेतली, त गेला कोणीकडं? उलटा, साकोलीकडं!"

दाखवल्याशिवाय त्यांना चैन कुठलं? आमच्या घरामागंच धानाची बांधी होती, तिथल्या चिखलात रोपांची रोवणी चालली होती. माझी खाट मागच्या दारात ओढली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मधोमध बाबूजी उभे राहिले. कडुनिंबाकडं अधिक, तलावाकडं उणे. "पाहा! उणे दोन गुणिले उणे तीन. तोंड केलं तलावाकडं, हे एक उणे. आता उलटं चालतो, हे दुसरं उणे. दोन-दोन पावलं, तीन वेळा!" आणि ते पाठमोरे निघाले. दोन. चार. धुरा पाच पावलांतच वळला होता. सहाव्याला बाबूजी फदकन चिखलात.

रोवणीच्या बाया कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. माझं पलस्तर हसण्यानं हलत होतं. बाबूजी मात्र चिखलात बसूनच ओरडले, "पण पडलो कोणीकडं? निंबाकडं! अधिक झालं का नाही?"

"हव जी," डोळे पुसत माय म्हणाली, "लयच अधिक झालं."

त्या वर्षी रोवणीच्या सगळ्या बायांना उणे गुणिले उणे येत होतं.

एप्रिलमध्ये दोघांनी मला बैलगाडीतून परीक्षेला नेलं. मी आत आणि ते दोघं व्हरांड्यात, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. निकालाच्या दिवशीही दोघं तिथंच होते, तेव्हा हेडमास्तर बाहेर आले. मी पास होते, आणि गणितात वर्गात दुसरी. त्यांनी विचारलं, "घरी कोणी शिकवलं हिला?"

"आमी तिघानं," बाबूजी म्हणाले. "एक शिकत होती, एक इचारत होती, मी सायकल चालवत होतो."

मी आठवीत गेले, दहावी झाले, पुढं कॉलेजसाठी नागपूरला गेले. निघताना बाबूजींनी माझ्या पेटीतून आठवीचं गणिताचं पुस्तक काढून घेतलं. मला वाटलं, आठवण म्हणून असेल.

बाबूजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला पहिल्यांदा आठवते नागपूरहून घरी आले ती दिवाळी. माय आणि बाबूजी एकमेकांशी बोलत नव्हते. मध्ये ते पुस्तक उघडं. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, हौद किती वेळात भरेल?

"मी म्हणते, खालचा नळ बंद कराले काय जाते?" माय माझ्याकडं वळून म्हणाली.

"बंद केला त गणित कसं होईन?" बाबूजी माझ्याकडं वळून म्हणाले.

हसू दाबत मी पेन्सिल उचलली. उत्तर दोन ओळींचं होतं. बाबूजींनी झडप घालून पेन्सिल हिसकावली.

"तू नोको सांगू. तुयं वालं गणित झालं. हे आमचं वालं आहे."

"जा," माय पुस्तक स्वतःकडं ओढत म्हणाली, "चुलीवरचा भात पाह्य."

मी भात पाहायला गेले.