म्हशीच्या वाक्याचा मालक

गुंदचे धाकलू देसाई कचेरीबाहेर बसून लोकांची खरेदीखतं लिहीत. शेजारी बसणाऱ्या कान्हूनं त्यांचा मजकूर जसाच्या तसा उचलला, तेव्हा ते थेट मुन्सफसाहेबांकडे गेले.

"'कारणे खरेदीखत लिहून देतो' हे तुम्ही शोधलंत?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई, ते समद्यांचं हाय. पर म्हशीच्या खतात घातलेलं वाक्य माझं हाय."

साहेबांनी कान्हूचं खत वाचलं. ते अणशी गावातल्या भातशेताचं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'सदर मिळकत स्वभावाने गरीब असून धार काढताना लाथ मारीत नाही.'

"कान्हू, हे शेत लाथ मारतं का?"

"अजून तरी न्हाई, साहेब."

साहेबांनी मिशीत हसू दाबलं. ठरीव मजकूर कुणाच्याच मालकीचा नाही, पण म्हशीचं वाक्य धाकलूंचं, असा निवाडा त्यांनी दिला. कान्हूनं ते आनंदानं सोडलं, कारण शेत घेणारा रोज येऊन दूध किती देतं ते विचारत होता.

धाकलूंची मान ताठ झाली. पुढल्याच आठवड्यात नंदिगड्ड्याची तुळजा होणाऱ्या जावयाला घेऊन आली आणि त्याच्या सोयरिकीच्या कागदात तेच वाक्य घाला म्हणाली. धाकलूंनी आधी जावयाला नीट न्याहाळलं, मगच बोरू शाईत बुडवला.