कोरड्या तेरणेत भिजलेलं लुगडं

भुताखेतांचा विषय निघाला की मी सरळ उठून चहा ठेवायला जाते. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरच्या... कशावर म्हणून विश्वास नाही माझा. तरी हे लिहितेय, कारण ते लुगडं मी माझ्या हातानं धुतलंय.

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं. आमचं गाव माकणीजवळ, तेरणेच्या काठी. तेरणा म्हणजे पावसाळ्यात दोन्ही काठ खाणारी, अन् उन्हाळ्यात नुसती वाळू! त्या वाळूत आमच्या ह्यांनी खरबुजाचे वेल लावलेले, राखणीला तिथंच खोप घातलेली. मृग अजून लागायचा होता.

भर दुपारी सासूबाई — त्यांना मी आत्या म्हणायची — ह्यांची भाकरी घेऊन नदीत गेल्या, अन् थोड्याच वेळात रडत-ओरडत परत आल्या.

"अगं, लई पानी आलंय! वाहून चालला माझा ल्योक... हात धरला व्हता म्या, निसटला गं!"

आत्यांचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, निऱ्यांत काळा गाळ. मी तशीच अनवाणी पळत सुटले. तळपाय पोळले तेही कळलं नाही.

नदी कोरडी ठणठणीत! हे खोपीत बसून खरबूज खातायत.

"अवं, घरला चला. आत्याला ऊन लागलंय, कायबाय बोलतायत."

"आन् राखण कोण करणार, तुझा बाप?" असे करवादले, पण आले.

मला वाटलं, आत्या आता लेकाच्या गळ्यात पडतील. त्या मागं सरकल्या. हळूच मला म्हणाल्या, "मग त्यो कोण व्हता गं?"

दिवस मावळायच्या आत लोंढा आला. आमच्याकडं आभाळ स्वच्छ होतं. वर तेर गावाकडं पाऊस कोसळला असणार, तेरणेची ती खोडच आहे. खोप, वेल, सगळं गेलं. हे काठावरून बघत होते.

लोंढ्याचं समजतं हो. पण दुपारी नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातसुद्धा ओंजळभर पाणी नव्हतं, मग लुगडं भिजलं कुठं? शिकल्यासवरलेल्यांना विचारलं. हसतात मेले.

आत्या पुढं पुष्कळ जगल्या. लेकाला रोज पोटभर वाढलं, दुखण्यात उशाशी बसल्या, पण त्याच्या हाताला परत कधी हात लावला नाही. "पुन्ना निसटला तर?" एवढंच म्हणायच्या. ह्यांना ते फार लागायचं. मला आत्यांचा रागही यायचा, अन् भीतीही वाटायची.

त्या जायच्या दिवशी ह्यांनीच त्यांचा हात धरला. आत्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "ओला हाय गं ह्याचा हात..."

मी चाचपून पाहिला. कोरडा होता. मला तरी कोरडाच लागला.