कोअरशॉपमधला उखाणा

नवऱ्याचं नाव बद्रीनाथ आणि बायकोचं द्वारका. एकाच खोलीत दोन धाम, म्हणून पुण्याजवळच्या मांजरी गावातले शेजारी येता-जाता थट्टेनं हात जोडायचे. दोघं वाशिमकडचे. बद्रीनाथ हडपसरच्या लोखंड ओतणाऱ्या एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे बनवणारा. द्वारका तिथंच वाळू चाळायची आणि चाळता चाळता कोअरच्या टेबलाकडे बघत राहायची.

कोअर म्हणजे तेलात मळून भट्टीत भाजलेला वाळूचा गोळा. तो साच्याच्या पोटात ठेवला की लोखंडाचा रस त्याच्या भोवतीनं जातो आणि वस्तू आतून पोकळ होते. नव्वदनंतर पुण्याभोवती मोटारींचे नवे कारखाने आले, सुट्या भागांना मागणी वाढली आणि कोअर करणारे हात पुरेनात. मालकांनी शिकाऊ वर्ग काढला, त्यात पहिल्यांदाच बायकांना घेतलं. द्वारकेनं सगळ्यांआधी हात वर केला.

करंजीच्या साच्यात सारण दाबावं तशी ती वाळू दाबायची, तारेनं आत हवेला वाट करून द्यायची आणि भट्टीतून निघालेल्या कोअरकडे लेकरासारखं कौतुकानं बघायची. पास झाली तर कोअरशॉपमध्ये कायमची जागा, नाही तर परत चाळणी. चाळणीला ती पार विटली होती.

परीक्षेला खलबत्त्याचा खल ओतायचा होता. शिकाऊनं कोअर करायचा, मोल्डरनं साचा. फोरमन महिपती घुल्यांनी मुद्दामच नवरा-बायकोची जोडी लावली. शेडमध्ये भट्टीला हवा देणाऱ्या ब्लोअरची कानठळ्या बसवणारी घरघर, म्हणून तिथला नियम असा की कोअर दोन्ही हातांत धरून मोल्डरला नावानं हाक मारायची. त्यानं तो घेऊन आत ठेवल्याशिवाय साच्याची पेटी बंद करायची नाही.

आता गंमत बघा. द्वारकेचा कोअर देखणा झाला. तो धरून ती म्हणाली, "अहो." शेडमधले निम्मे पुरुष कुणाचे ना कुणाचे अहो होते. दोघा-तिघांनी माना वळवल्या, बद्रीनाथनं नाही. बायकोच्या परीक्षेची धास्ती त्यालाच जास्त. त्यात जन्मभर त्यानं गटाराची झाकणं ओतलेली, त्यांना कोअर लागतच नाही. जुन्या सवयीनं त्यानं वरची पेटी बसवून साचा बंद केला. द्वारका "अहो, अहो" करत राहिली आणि रस ओतला गेला.

साचा फोडला तर आत भरीव गोळा. महिपतींनी तो बुटानं ढकलून पाहिला.

"झ्याक झालाय," ते म्हणाले. "दाराला लावा."

शेड हसली आणि द्वारकेला रडू कोसळलं. हात चुकला असता तर तिला एवढं वाईट वाटलं नसतं. हाताला तर सगळं येत होतं.

महिपतींनी तिला बाजूला घेऊन विचारलं, नावानं हाक का नाही मारली. ती मान खाली घालून म्हणाली, "माह्या तोंडून त्याइचं नाव निघतच नाई."

"संक्रांतीला हळदीकुंकवात निघतं का न्हाय?"

"ते उखाण्यात."

"मग हितं बी उखाण्यात घे. उद्या परत परीक्षा. फक्त पेटी बंद व्हायच्या आत घे."

दुसऱ्या दिवशी सगळी शेड काम टाकून जमली. द्वारकेनं कोअर उचलला, डोळे मिटले आणि ब्लोअरच्याही वर आवाज काढला:

"वाळूत मुरवलं तेल, भट्टीत भाजला छान,
बद्रीनाथराव, कोअर घ्या, इकडे द्या ध्यान!"

बद्रीनाथनं पुढं होऊन कोअर अलगद हातांत घेतला. "घेतला, द्वारका," तो म्हणाला. घरी तो तिला नुसतं 'ऐकलं का' म्हणायचा. चारचौघांत नाव घेतलं आणि त्याचे कान लालबुंद झाले. शिट्ट्या तर अशा पडल्या की विचारू नका.

खल पोकळ निघाला. महिपतींनी बत्ता हाणून पाहिला, खणखणीत वाजला. द्वारकेची चाळणी त्याच दिवशी सुटली.

पुढं मांजरीच्या उसाच्या रानांत आयटीवाल्यांच्या इमारती उठल्या. द्वारका कोअरशॉपची मुकादम झाली, नव्या पोरींना शिकवू लागली. परीक्षेआधी ती प्रत्येकीकडून उखाणा पाठ करून घेते. लग्न न झालेलीला भावाचं नाव चालतं.

तो भरीव गोळा बद्रीनाथनं सायकलवरून घरी आणला. दार उघडं राहावं म्हणून तो खरंच दाराला लावलेला असतो, आणि कामावरून आल्यावर बद्रीनाथला हमखास त्याचीच ठेच लागते. मग आतून हाक येते, उखाण्याबिखाण्याशिवाय:

"बद्रीनाथ, जपून."