मामाच्या नावाची बाटली

आमचा मामा एक नंबरचा हट्टी. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात तो एकोणीस वर्षं भट्टीवर होता. त्याचा तोरा असा, की भट्टीचा शोध जणू त्यानेच लावला.

शिसं अंगात भिनलं की लघवीतला एक पदार्थ वाढतो, माणूस वरून कितीही ठणठणीत दिसो. त्यासाठी कारखान्यात दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायची. आकडा मर्यादेबाहेर गेला की भट्टी सुटली, मग फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे. मागच्या खेपेला मामा काठावर पास झाला होता, म्हणून या वेळी त्याने शक्कल लढवली. मामीने कारखान्यात कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. तिची लघवी बाटलीत भरून, शर्टाच्या आत लपवून तो घेऊन गेला. "तुझी मामी म्हणजे धुतला तांदूळ," असं वर मलाच ऐकवलं.

आठवड्याने कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं. आकडा मर्यादेच्या दुप्पट आला होता.

"कामाचे कपडे घरी नेता?" त्यांनी विचारलं.

"हो. बायको झटकून धुते. धूळ फार असते ना."

"त्या धुळीत शिसं असतं. घरात लहान मुलं आहेत?"

"नाही."

"मग नशीब समजा. पोटातल्या बाळालाही ते सोडत नाही."

मामीचे तीन गर्भ पडले होते. आमच्या घरातल्या बायकांनी, माझ्या आईसकट, तिला जे टोचून बोलून घेतलं, त्याची मला अजून लाज वाटते.

मामा पेचात पडला. खरं सांगावं तर नोकरीवर पाणी सोडायचं, आणि गप्प बसावं तर मामीच्या अंगातलं विष तसंच राहणार.

"बाई, ती बाटली माझी नाही," तो म्हणाला. "बायकोची आहे."

नोकरी त्याच दिवशी गेली. घरी येऊन त्याने मामीला सगळं सांगितलं.

"तिन्ही त्यानेच गेली?"

"नक्की सांगता येत नाही म्हणाल्या. पण असू शकतं."

"मी रोज दोनदा झटकायचे हो," मामी म्हणाली. "तुमच्या अंगाला ती धूळ लागू नये म्हणून."