ढोलीतल्या पिंगळ्यांचा फोटो

परवा कपाटात फिल्मच्या रोलची जुनी डबी सापडली आणि झाकण उघडताच तो औषधासारखा वास मला ऐंशीच्या दशकातल्या मुलुंडच्या आमच्या चाळीत घेऊन गेला. मागच्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या घुबडांची जोडी राहत होती. घुबड अपशकुनी, म्हणून शेजारच्या मालवणी काकींनी येत्या रविवारी ढोली सिमेंटने बुजवायचं फर्मान काढलं होतं. आत पिल्लं आहेत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "माका दाखव, मगे बघू!" झालं, मित्राचा कॅमेरा घेऊन मी भल्या पहाटे गच्चीवर घोंगडीखाली दबा धरला आणि छत्तिसाच्या रोलवर चक्क एकेचाळीस फोटो काढले. "झकास ना? पाच जास्तीचे आले!" मी मित्राला ऐटीत सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "गाढवा, रोल खाचेत अडकलाच नाही. जागचा हललेला नाहीये तो!" वाट लागली. मग त्यानेच रोल नीट बसवून दिला आणि संध्याकाळी, उन्हं कलताना, तीन पिल्लं ढोलीच्या तोंडाशी येऊन माझ्याकडे टकामका बघू लागली. फोटो आला तिरका, त्यातही अर्धी माझी घोंगडीच. पण रविवारी काकींनी तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि गवंड्याला ओरडून सांगितलं, "घमेला परत ने रे, आत पोरां आसत!" पुढे मी पुष्कळ फोटो काढले, काही चांगलेही आले, पण सिमेंटचं घमेलं माघारी धाडणारा तेवढा एकच.