परेरासाहेबांची चढणारी झाडं

गोखिवऱ्याच्या फॉरेस्ट चौकीत चहा आला की किस्से निघायचे, आणि फिरून फिरून परेरासाहेबांवरच यायचे. साहेब मूळचे इथलेच, वसईतल्या नंदाखालचे, पण निम्मी नोकरी हिमालयात झालेली. स्वातंत्र्यानंतर रेंजर म्हणून इकडे आले. मी चौकीवर कारकून.

* * *

पहिल्याच दिवशी म्हणाले, "हिमालयात एका उंचीपलीकडे झाडच नाही. थंडी सोसत नाही. पण हल्ली थंडी कमी झालीय, आणि झाडं वर चढायला लागलीत!"

आमचा गार्ड गोविंद हबकलाच. "कोनच्या पायांनी, सायेब?"

"पोरांच्या! म्हातारं झाड जागेवरच. वर पडलेल्या बियांची रोपं पूर्वी गारठून मरायची, आता जगतात."

* * *

हेच साहेबांनी एकदा हिमालयातून रजेवर आले असताना आईला सांगितलं होतं. माउली तशीच उठून फादरकडे गेली आणि पोराच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थनेची मिस्सा सांगून आली, "पोराचं डोकं ठिकाणावर येऊ दे!"

* * *

साहेबांना तुंगारेश्वरच्या डोंगरावर नेलं. माथ्यावर नुसतं गवत!

"इथं कुठं बर्फ आहे? मग झाडं का थांबली?"

"वनवा, सायेब. दर उन्हाळ्यात."

"लावतो कोण?"

गोविंद टोपी चाचपत म्हणाला, "गेल्या साली मीच. म्हशीला कोवळं गवत नको?"

फॉरेस्टचा गार्ड! साहेब मटकन खालीच बसले.

* * *

मी एकदा म्हटलं, "जंगल वाढतंय, मग आपल्या खात्याला आनंदच की!"

साहेब म्हणाले, "हिमालयात एक मेंढपाळ बाई माझ्यावर काठी घेऊन धावली होती. 'तुझी झाडं आवर! माझं कुरण खाल्लं!'"

"मग?"

"पळालो!"

आम्ही खो खो हसलो. साहेब हसले नाहीत. "पुढच्या उन्हाळ्यात ती आलीच नाही. मेंढ्या विकल्या म्हणे."

* * *

साहेबांचं पहिलं बाळ तिकडच्याच मुक्कामात तापाने गेलं. जवळपास चर्च नव्हतं. नवरा-बायकोने त्याला जंगलाच्या कडेला, अगदी शेवटच्या भूर्जाच्या झाडाखाली पुरलं. त्या झाडाच्या वरच्या उतारावर नुसतं गवत, जागा चुकायची भीतीच नव्हती.

इकडे आल्यावर साहेबांनी शिसवी क्रूस करून घेतला. रजा काढून दोघं तिकडे गेले.

परतले तेव्हा सामान उतरवून घ्यायला गोविंद आणि मी वसई स्टेशनवर गेलो. वळकटीत क्रूस तसाच!

"सायेब, लावला नाय?" गोविंदने विचारलं.

साहेब वळकटीचा पट्टा आवळत राहिले. बाईसाहेबच म्हणाल्या, "शेवटचं झाड सापडलं रे. पण ते माझ्या बाळापेक्षा वयाने लहान होतं."